परदेशात शिकून नोकरीला खरंच फायदा होतो का? खान्देशातल्या विद्यार्थी-पालकांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या कॉलेजांत मार्गदर्शन सत्र असलं की पहिला प्रश्न बहुतेक वेळा पालकांकडून येतो, आणि तो पैशांचा असतो. विद्यार्थ्यांचे प्रश्न सत्र संपल्यावर, दाराबाहेर येतात. इथे दोन्ही एकत्र केले आहेत. व्हिसाचे नियम आणि रकमा वरचेवर बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी त्या त्या देशाचं सरकारी संकेतस्थळ उघडून खात्री करावी.

परदेशात शिकलेल्याला नोकरी लवकर मिळते, हे खरं आहे का?

आकडे तसं सांगतात, पण ते जपून वाचावे लागतात. युरोपातल्या विद्यार्थ्यांना काही काळ दुसऱ्या देशात शिकायला पाठवणाऱ्या इरॅस्मस कार्यक्रमाचा मोठा अभ्यास युरोपीय आयोगाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. पदवीनंतर पाच वर्षांनी, परदेशात राहून शिकलेल्यांमध्ये बेरोजगारीचं प्रमाण इतरांपेक्षा २३ टक्क्यांनी कमी दिसलं. भरती करताना परदेशातला अनुभव महत्त्वाचा वाटतो असं ६४ टक्के मालकांनी सांगितलं. २००६ मध्ये हेच प्रमाण ३७ टक्के होतं. जाहिरातीत एवढंच छापतात.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. जी मुलं परदेशी गेली, ती जाण्याआधीच इतरांपेक्षा जास्त आत्मविश्वासाची आणि अनोळखी परिस्थितीला न बुजणारी होती. म्हणजे धडपडी मुलंच बाहेर पडतात आणि तीच पुढे नोकरीतही चमकतात. यातलं श्रेय परदेशाचं किती आणि त्या मुलांचं किती, हे वेगळं काढणं अवघड असतं.

जर्मन पदवीधरांवरच्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा गुंता बऱ्यापैकी सोडवला. इरॅस्मस १९८७ मध्ये सुरू झाला, पण सगळ्या विद्यापीठांत आणि सगळ्या शाखांत एकदम पोहोचला नाही. या मागेपुढे होण्याचा आधार घेऊन संशोधकांनी हिशेब मांडला. विद्यार्थीदशेत परदेशी राहिल्यामुळे पुढे परदेशात नोकरी करण्याची शक्यता सुमारे १५ टक्के अंकांनी वाढते, असं त्यातून निघालं. तेव्हा बाहेर शिकल्याने बाहेर काम करण्याचं दार उघडतं हे बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. पुण्यात किंवा नाशिकला परतल्यावर पगार आपोआप जास्त मिळेल, असं मात्र या अभ्यासांतून निघत नाही. शिवाय ते युरोपातल्या मुलांचे आहेत. त्यांच्या डोक्यावर आपल्यासारखं कर्ज नसतं. हा फरक छोटा नाही, त्याबद्दल पुढे येईलच.

तिकडे असं काय शिकायला मिळतं जे इथे मिळत नाही?

पुस्तकातला विषय तोच असतो. थर्मोडायनॅमिक्सचे नियम म्युनिकला वेगळे नाहीत. फरक पडतो तो कामाच्या पद्धतीत.

आपल्याकडे प्रॅक्टिकलचं जर्नल बऱ्याचदा मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या जर्नलवरून उतरतं आणि त्यावर सहीही होते. तिकडे तेच केलं तर वाङ्मयचौर्य ठरतं, आणि त्यासाठी विषयात नापास करण्यापासून प्रवेश रद्द करण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. पहिल्या सत्रात आपली मुलं सर्वांत जास्त अडखळतात ती इथेच. चोरी करायची म्हणून नव्हे. दुसऱ्याचं वाक्य आणि आपलं वाक्य यांच्यात रेघ ओढायची सवयच कुणी लावलेली नसते. ही सवय लागली की अहवाल लिहिणं, दावा आणि पुरावा वेगळा ठेवणं जमायला लागतं. कंपनीत याच गोष्टीचे पैसे मिळतात.

दुसरं म्हणजे बोलणं. सेमिनारमध्ये प्राध्यापकांचं म्हणणं पटत नाही असं त्यांच्यासमोर सांगायचं, आणि तेही उद्धटपणा न करता. 'सर, मला वाटतं हे गृहीतक चुकतंय' हे वाक्य तोंडातून बाहेर पडायला काहींना अख्खं सत्र लागतं.

तिसरं, गटात काम. गटात एक चिनी, एक नायजेरियन, एक तुर्की आणि एक चोपड्याचा. कुणाचं इंग्रजी धड नाही, प्रत्येकाची वेळ पाळण्याची कल्पना वेगळी, आणि गुण सगळ्यांना मिळून. कोण काय करणार हे लिहून काढायचं, मुदत पाळायची, न करणाऱ्याला सांगायचं. हे शिकवणारा तास नसतो, अडचणच शिकवते.

आणि खोलीचा करार वाचणं, विजेचं बिल, बँक, आरोग्य विमा, स्वयंपाक. आईने हातात ताट दिल्याशिवाय न जेवलेल्या मुलांनाही महिन्याभरात वरण-भात आणि खिचडी येते. कळण्याची भाकरी जमल्याचं अजून तरी कुणी सांगितलेलं नाही.

पण तुमच्या शहरातल्या किंवा राज्यातल्याच पाच जणांबरोबर फ्लॅट घेतला, वर्गात मागच्या बाकावर बसलात आणि संध्याकाळ फोनवर घालवलीत, तर यातलं काहीच घडत नाही. पदवी मिळते, बाकी कोरडं. असे पदवीधर मुलाखतीत पाचव्या मिनिटाला ओळखू येतात.

माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. निभावेल का?

निभावतं. घरी अहिराणी किंवा लेवा गणबोली, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी पुस्तक आणि मराठीतून समजावणारे सर, अशा तीन-चार भाषांत वावरलेल्या मुलाला नव्या भाषेची भीती कमी वाटायला हवी. अडतं ते लिहिण्यात आणि वेगाने ऐकण्यात. जाण्याच्या दीड वर्ष आधीपासून रोज आपल्या विषयातलं एक पान इंग्रजीत लिहा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळे परीक्षा फार लवकर देऊन ठेवण्यातही अर्थ नाही.

जर्मनीला जाणाऱ्यांनी अभ्यासक्रम इंग्रजीत आहे म्हणून जर्मन टाळू नये. वर्ग इंग्रजीत चालतो, पण कारखाना जर्मन बोलतो. नोकरीच्या बाजारात जर्मनची बी१ (मध्यम) आणि त्यापुढची पातळी किती कामाची आहे, हे बहुतेकांना पदवीच्या शेवटच्या सत्रात कळतं.

उमविची पदवी तिकडे चालते का? माझा सीजीपीए जेमतेम आहे.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ हे १९९० पासूनचं राज्य विद्यापीठ आहे. पदवीच्या वैधतेची चिंता नको. जर्मनीसाठी 'अनाबिन' या तिथल्या सरकारी यादीत संस्थेचा दर्जा शोधता येतो; 'एच प्लस' (म्हणजे संस्था मान्यताप्राप्त) असेल तर उत्तम. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्रही, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज सर्वांत आधी करा.

गुणांचं रूपांतर तिकडे बव्हेरियन सूत्राने करतात. जास्तीत जास्त गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला जास्तीत जास्त आणि उत्तीर्णतेचे गुण यांच्यातल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. समजा कमाल १०, उत्तीर्ण ४ आणि तुमचा सीजीपीए ८; उत्तर येतं २.०. टक्केवारीत कमाल १००, उत्तीर्ण ४० आणि तुम्हाला ७० असतील तर २.५. जर्मनीत एक हा सर्वोत्तम, म्हणजे आकडा जितका लहान तितका चांगला. २.५ पर्यंत बरेच दरवाजे उघडे राहतात.

बीएस्सी, बीकॉमची तीन वर्षांची पदवी असलेल्यांनी अमेरिकेचा विचार करताना एक बघावं: तिथली अनेक विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात. ब्रिटनमध्ये तीन वर्षं सहसा चालतात.

एकूण कर्ज किती काढावं?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण कौशल्यं आणि नोकरी या दोन्हींवर कर्ज सावली धरून बसतं.

साधा हिशेब करू. ३० लाख रुपये, ११ टक्के व्याज, १० वर्षांची परतफेड. महिन्याचा हप्ता सुमारे ४१,३०० रुपये. शिकत असताना आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात व्याज भरलं नाही, तर ते मुद्दलात मिसळतं. अडीच वर्षांत पूर्ण रकमेवर ८ लाख २५ हजार होतात, आणि मग हप्ता ५२,७०० च्या घरात जातो. रक्कम टप्प्याटप्प्याने मिळते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी भरेल. पण दिशा हीच. खान्देशातल्या कितीतरी नव्या इंजिनीअरच्या हातात महिन्याला एवढी रक्कम पडतही नाही.

आता याचा नोकरीवर परिणाम कसा होतो ते बघा. हप्ता सुरू व्हायला चार महिने उरले की मुलगा आपल्या विषयातली नोकरी शोधायचं थांबवतो आणि मिळेल ती धरतो. गोदामात, डिलिव्हरीत, हॉटेलात. व्हिसाची मुदत त्या कामात संपते आणि बायोडाटात दोन वर्षांची पोकळी राहते. त्याला कौशल्य कमी होतं असं नाही. थांबायला सवड नव्हती. म्हणून आमचा सल्ला असा की नोकरी मिळाली नाही, परत यावं लागलं, तरी इथल्या पगारात आणि घरच्या मदतीत जेवढा हप्ता फिटेल तेवढंच कर्ज काढा. त्या रकमेत बसणारा देश आणि विद्यापीठ शोधा. बहुतेक घरांत हे उलट्या क्रमाने होतं.

बाबांची दहा एकर बागायत आहे. बँक तारण घेईल ना?

बहुधा नाही. थकीत कर्जासाठी तारण ताब्यात घेण्याच्या सरफेसी कायद्याखाली बँकेला शेतजमिनीवर जप्ती आणता येत नाही, म्हणून शैक्षणिक कर्जाला बँका सातबारा सहसा घेत नाहीत. एनए प्लॉट, घर, फ्लॅट किंवा मुदत ठेव चालते. कागदावर लाखोंची जमीन असूनही तारण नाही, अशा घरांना मग विनातारण कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांकडे जावं लागतं आणि तिथे व्याज चढं असतं. जमीन विकून मुलाला पाठवायचं का, हे आम्ही सांगणार नाही. पण विकायचीच वेळ आली तर पूर्ण शिक्षणासाठी विकू नका. शिष्यवृत्ती, कमी शुल्काचा देश, हे आधी संपवून बघा.

केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी ही शैक्षणिक कर्जाची योजना देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते.

पार्टटाइम काम करून फी निघते का?

नाही. महिन्याचा किराणा आणि फार तर भाडं निघेल. कॅनडात सत्र चालू असताना आठवड्याला २४ तास, ब्रिटनमध्ये पदवी पातळीवर २०, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस अशी मर्यादा आहे. अमेरिकेत २० तास, तेही विद्यापीठाच्या आवारातच. बाहेर रोखीने काम केलं आणि सापडलं तर व्हिसा जातो.

काम निवडताना मात्र डोकं लावा. जर्मनीत 'वेर्कश्टुडेंट' म्हणून कंपन्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच विषयातल्या कामावर घेतात. दोन वर्षं पिझ्झा पोहोचवणाऱ्याची आणि दोन वर्षं एखाद्या पंप कंपनीत चाचण्या घेणाऱ्याची पदवी सारखीच असते, पण नोकरी दुसऱ्याला आधी मिळते. कधी कधी तर त्याच कंपनीत.

शिक्षणानंतर किती काळ थांबता येतं?

जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने. ब्रिटनमध्ये ग्रॅज्युएट रूट या व्हिसावर सध्या दोन वर्षं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना १८ महिनेच मिळतील. कॅनडात अभ्यासक्रमानुसार जास्तीत जास्त तीन वर्षं, पण प्रत्येक कॉलेजला हे लागू नाही. अमेरिकेत १२ महिने ओपीटी (शिक्षणानंतर कामाची तात्पुरती परवानगी) आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना आणखी २४. त्यानंतर एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, ज्याच्या वर्षाला ८५,००० जागा सोडतीने जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरून आणायच्या कर्मचाऱ्याच्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लावण्यात आलं. सोडतीवर बेत उभा करायचा नसतो, एवढं यावरून समजावं.

कन्सल्टंट फुकट काम करतात. मग काय हरकत?

फुकट कुणी करत नाही. विद्यापीठ त्यांना कमिशन देतं, आणि जिथे कमिशन तिथला सल्ला. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क घेत नाहीत (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो लागतात), त्यामुळे त्यांच्याकडे कमिशनही नसतं. मग जळगावच्या मुलाला बर्लिनमधल्या महागड्या खासगी कॉलेजचं पत्रक हातात मिळतं. सरकारी विद्यापीठाचे अर्ज स्वतः करता येतात. संकेतस्थळावर सगळं लिहिलेलं असतं, फक्त बसून वाचावं लागतं. राहण्याच्या खर्चापोटी ब्लॉक्ड खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, ही मोठी रक्कम आहे. पण ती खर्चायला तुमच्याच हातात परत येते.

शिष्यवृत्ती आमच्यापर्यंत पोहोचते का?

माहिती उशिरा पोहोचते, ही खरी अडचण. अनुसूचित जातींसह काही घटकांसाठी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे: १२५ जागा, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, वय ३५ च्या आत, विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती वेगळी. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची २० जागांची योजना आणि राज्याच्या आदिवासी विकास विभागाची योजना आहे. नंदुरबार, तळोदा, धडगाव, साक्रीकडच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारावं. फोनवर नीट उत्तर मिळेलच असं नाही. मराठा विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सारथी संस्थेची योजना आहे. सगळ्यांचे अर्ज विद्यापीठाच्या प्रवेशपत्रानंतर लागतात, म्हणून प्रवेशाचं काम वर्षभर आधी सुरू करायचं.

जातीची अट नसलेली आणि आपल्याकडे कमी वापरली जाणारी म्हणजे युरोपची इरॅस्मस मुंडुस शिष्यवृत्ती. दोन वर्षांत दोन-तीन देशांत शिक्षण, महिन्याला १,४०० युरो आणि शुल्क माफ. स्पर्धा कठीण आहे, पण अर्ज मोफत असतो.

आमचा मुलगा केळीवाल्याचा. शेतीचं शिकायला हॉलंडला कशाला?

रावेर, यावल, चोपड्यात केळी पिकवायला कुणी हॉलंडहून शिकून यायची गरज नाही, बरोबर आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ठिबक व टिश्यू कल्चरचं काम जळगावातच जगाला दाखवण्यासारखं झालं आहे. पण सीएमव्ही हा विषाणूचा रोग, ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात, तो आला की शेतकरी बाग उपटून फेकतो. पनामा या बुरशीच्या रोगाच्या टीआर४ प्रकाराने जगभरच्या केळीला घोर लावलाय. या बुरशीवर नेदरलँडच्या वाखेनिंगन विद्यापीठात बरंच संशोधन झालं आहे. वनस्पती रोगशास्त्र, काढणीनंतरची साठवण, निर्यातीचे कीडनाशक अवशेषांचे निकष, शीतसाखळी या विषयांना खान्देशात थेट काम आहे, आणि ते काम करणारे थोडे आहेत. आमच्या मते खान्देशातून बाहेर जाणाऱ्यांनी संगणकाच्या रांगेत उभं राहण्याआधी या यादीकडे एकदा बघावं. घरची बाग ज्याने लहानपणापासून पाहिली, त्याच्या अर्जातलं उद्देशपत्र इतरांपेक्षा आपोआप वेगळं होतं.

मुलीला एकटीला पाठवावं का?

हा प्रश्न मुलाबद्दल कुणी विचारत नाही. वसतिगृह विद्यापीठाचं आहे का, प्रवेशपत्राबरोबर खोली पक्की होते का, रात्री प्रयोगशाळेतून परतायला बस आहे का, एवढं तपासा. हे दोघांसाठीही तपासायचंच. लग्नाचं वय, स्थळं, नातेवाइकांचं बोलणं हे घराघरांतलं वेगळं गणित. मुलगी वर्षभर स्वतः सगळे कागद गोळा करत असेल, तर तिने पाठवण्याजोगी तयारी दाखवली आहे असं समजावं.

बाहेर एमबीबीएस केलं तर?

ते वेगळंच प्रकरण आहे. नीट उत्तीर्ण हवी, अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून, त्याच देशात १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि परतल्यावर परवाना परीक्षा व इथली इंटर्नशिप. यातली एक अट हुकली तरी इथे प्रॅक्टिस करता येत नाही. एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

मध्येच सोडून यावं लागलं तर सगळं पाण्यात?

अमळनेरच्या लोकांना याचं एक प्रसिद्ध उदाहरण माहीत आहे. १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना सुरू झाला, तीच पुढची विप्रो. १९६६ मध्ये वडील गेले तेव्हा अझीम प्रेमजी २१ वर्षांचे होते आणि स्टॅनफर्डला इंजिनीअरिंग शिकत होते. शिक्षण अर्धवट टाकून ते परतले; पदवी कितीतरी वर्षांनी पूर्ण झाली. पण त्यांच्या हातात कारखाना होता. आपल्या हातात बँकेचा हप्ता असतो.

आजारपण किंवा घरची अडचण आली तर आधी विद्यापीठाकडे सत्र स्थगित करायचा अर्ज करा, मग विमानाचं तिकीट. न कळवता निघालात तर प्रवेश आणि व्हिसा दोन्ही जातात. पूर्ण केलेल्या विषयांची अधिकृत गुणपत्रिका घेऊन या. दुसरीकडे क्रेडिट मिळण्याची शक्यता राहते. बँकेलाही लेखी कळवा.

परत आल्यावर पुण्या-नाशकात नोकरी कशी शोधावी?

पहिला धक्का हा की कॅम्पस प्लेसमेंट नसते. तुमच्या बॅचचे मित्र दोन वर्षं पुढे गेलेले असतात आणि तुम्ही एकटे अर्ज करत असता. म्हणून परतायच्या सहा महिने आधीच शोध सुरू करा. चाकण, रांजणगाव, सातपूर, अंबड इथल्या परदेशी मालकीच्या कंपन्यांत तिकडची भाषा आणि तिकडच्या कार्यालयाशी बोलायची सवय खरोखर उपयोगी पडते. जर्मन बी२ असलेला मेकॅनिकल इंजिनीअर तिथे सहज लक्षात राहतो.

बायोडाटात विद्यापीठाचं नाव वर लिहून थांबू नका. कोणता प्रश्न हाताळला, कोणतं यंत्र किंवा सॉफ्टवेअर वापरलं, निकाल काय आला, हे तीन ओळींत लिहा. मुलाखतीत 'तिकडे असं नसतं' हे वाक्य टाळा. समोर बसलेल्याने वीस वर्षं इथेच काम केलेलं असतं.

सरकारी नोकरी किंवा प्राध्यापकी डोक्यात असेल तर पदवीची समकक्षता काढून ठेवा. यूजीसीने त्यासाठी २०२५ मध्ये नवे नियम आणले आहेत. ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टर्सबद्दल जुलै २०२२ मध्ये दोन्ही देशांत परस्पर मान्यतेचा करार झाला, पण वैद्यकीय, फार्मसी, इंजिनीअरिंग, कायदा असे व्यावसायिक अभ्यासक्रम त्यातून वगळले आहेत. मूळ गुणपत्रिका, अभ्यासक्रमाची छापील प्रत आणि प्रवेशाचं पत्र तिथून निघण्याआधीच सही-शिक्क्यासह घ्या. नंतर ईमेलवर मागवत बसायला महिने जातात.